पत्रात गाय नव्हती

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की हिल्मा स्वतः नामानिराळी राहिली. सायमाच्या पोरीची स्वीडनहून पत्रं यायची, ती मी वाचून दाखवायचे, आणि मी खोटं वाचायचे. सगळंच खोटं नाही. पण जिथं खरं वाचायला हवं होतं, नेमकं तिथंच.

आमच्या गावचं पोस्ट म्हणजे माझ्या घराची पुढची खोली. एक काउंटर, एक शिक्का, एक टेलिफोन आणि मी. पंधराव्या वर्षी मी वासा शहरात एका कप्तानाच्या घरी कामाला लागले. त्या घरात स्वीडिशशिवाय दुसरा शब्द नाही. आठ वर्षं तिथं भांडी घासली, बोलणी खाल्ली, त्यात भाषा आली. गावात बाकी सगळे फिनिश बोलणारे. स्वीडिश येणारी एक मी, आणि दुसरी नदीपलीकडच्या पिवळ्या घरातली म्हातारी एकेबर्गबाई. औषधवाल्याची विधवा, तिची ती घरचीच भाषा. पण तिचे डोळे पार गेलेले. त्यामुळे स्वीडनचं पत्र आलं की हिल्माच्या दारी यावंच लागायचं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता.

सायमा लोकांचे कपडे धुवायची. हिवाळ्यात नदीवरचा बर्फ फोडून त्या भोकात चादरी खळबळायची. हात कोपरापर्यंत लालबुंद. शाळा म्हणाल तर दोन हिवाळे. पण हट्टी इतकी की विचारू नका. तिशीत तिनं सायकल शिकायची ठरवली. पडली, परत चढली, परत पडली. शेवटी सायकल मोडली, बाई मोडली नाही. नवरा अर्वो आघाडीवर, घरात मान्सिक्की नावाची गाय आणि चार वर्षांची राइली.

चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत बाँब पडायला लागले तशी गावोगावची पोरं स्वीडनला पाठवायला सुरुवात झाली. राइलीच्या गळ्यात नावाची चिठ्ठी बांधली. सायमानं तिला गाडीत बसवलं आणि म्हणाली, "दोन महिन्यांत परत यायचं हं." पोरीनं मान डोलवली. सायमा काही रडली नाही, घरी जाऊन तिनं आठ चादरी धुतल्या.

पहिलं पत्र जुलैत आलं. अर्वो लढाईत पडल्याची खबर येऊन तीनच आठवडे झाले होते. सायमा माझ्यासमोर उभी, तोंडावर रक्त नाही. मी पत्र उघडलं. हेडवालबाईंनी, म्हणजे राइलीला ठेवून घेतलेल्या बाईंनी, लिहिलं होतं: मुलगी टेबलाखाली बसून असते. जवळ गेलं की चावते. जेवत नाही. रात्रभर एकच शब्द म्हणत राहते, आम्हाला तो कळत नाही, कुणी अर्थ कळवाल का? आणि तो शब्द त्यांनी कानावर पडला तसा लिहिला होता. आमच्या भाषेतली 'आई' होती ती.

हे मी त्या बाईला वाचून दाखवू? तिनं नुकतंच नवऱ्याला पुरलं होतं. मी म्हटलं, "राइली मजेत आहे. खीर दोन वाट्या मागून खाते."

"परत वाच," सायमा म्हणाली.

मी परत वाचलं. "मजेत आहे, खीर मागून खाते."

"दोन वाट्या म्हणालीस मघाशी."

तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही बाई शब्दन् शब्द पाठ करून ठेवतेय. तिनं ते पत्र घेतलं, घरी जाऊन कॉफीच्या रिकाम्या डब्यात ठेवलं आणि डबा खिडकीत.

एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप सुचत जातं. पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात पत्र आलं की राइली फिनिश पार विसरली, आम्हालाच आईबाबा म्हणते. मी वाचलं, "राइली सगळ्यांना तुझ्या गाईबद्दल सांगते. आमची गाय अशी, आमची गाय तशी." सायमाला एवढं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. तशीच धावत गेली मान्सिक्कीला सांगायला.

मग त्याच साली शरदात खरं अडचणीचं पत्र आलं. लढाई संपली आहे, मुलं परत जात आहेत, राइलीला कधी पाठवू ते कळवा. आणि सायमा तेव्हा कुठे? छातीच्या आजाराच्या इस्पितळात, पाच महिने. मी विचार केला, पोर येऊन राहणार कुणापाशी? उत्तर मीच लिहिलं, सायमाच्या नावानं: एवढ्यात नको. इथवर मला कुणी दोष देईल असं वाटत नाही. पण पुढं सायमा बरी होऊन आली. रोज चादरी धुवायला लागली. शेचाळीसच्या उन्हाळ्यात पुन्हा तोच प्रश्न आला: आता पाठवू का? सायमा माझ्याकडून जेवढी पत्रं लिहून घ्यायची त्या प्रत्येकाच्या शेवटी सांगायची, "आणि विचार, पोरीला कधी पाठवता." आणि मी लिहायचे, एवढ्यात नको.

का? सांगते ना. राइली आली असती तर पहिल्या दिवशी माझं बिंग फुटलं असतं. ती आईला ओळखणार नाही, गाय तिला आठवणार नाही, तोंडातून फिनिशचं एक अक्षर निघणार नाही. मग सायमा विचारणार, हिल्मा, तू दोन वर्षं काय वाचत होतीस? एवढ्यासाठी. माझ्या अब्रूसाठी मी एक पोर समुद्रापलीकडं अडकवून ठेवली. सायमाला सांगायचे, "प्रवासाचं अजून जमत नाही म्हणतात." ती मान हलवायची आणि जायची.

त्या सप्टेंबरात शेजारची इर्मा स्वीडनहून परत आली. नऊ वर्षांची. तिची आई वेलदोड्याचा गोड पाव भाजून, टेबलावर पांढरा कपडा घालून बसली होती. पोर दारात उभी राहिली आणि काही केल्या आत येईना. आई बोलते ते तिला कळेना, ती बोलते ते आईला कळेना. शेवटी आईनं हात धरून ओढलं तशी ती किंचाळली आणि स्टेशनच्या रस्त्यानं पळत सुटली. आई तिच्या मागे, पाव टेबलावर तसाच. सगळं गाव कुंपणापाशी गोठून उभं होतं. माझ्या शेजारी सायमा होती. तिचा चेहरा पाहून मला धडकी भरली.

"माझ्या पोरीसमोर मी अशी मुकी उभी राहणार नाही," ती म्हणाली.

"अगं, तुझी राइली फिनिश बोलते ना. मीच वाचलं ना तुला."

"पत्रात सगळे चांगलंच लिहितात, हिल्मा. मी स्वीडिश शिकणार."

मला हसू आलं, आणि त्याच दमात तोंडचं पाणी पळालं. डबा! ती सगळी पत्रं तिच्या खिडकीतल्या डब्यात होती. बाई वाचायला शिकली की पहिलं काय वाचणार?

"तू? आता? दोन हिवाळे शाळा शिकलेली तू?" मी म्हटलं. "आणि शिकवणार कोण? मला तर बाई वेळ नाही."

"तुला कुठं म्हणतेय मी?"

दर मंगळवारी ती एकेबर्गबाईकडे इस्त्रीला जायची. म्हातारीचं घर कादंबऱ्यांनी भरलेलं आणि वाचायला डोळे नाहीत. सायमानं म्हातारीला कळेल अशा मोडक्यातोडक्या फिनिशमध्ये सांगितलं की मी वाचते, तुम्ही ऐका. आता आमच्या फिनिशमध्ये जसं लिहितात तसं वाचतात, एक अक्षर वाया जात नाही. सायमानं स्वीडिश कादंबरी तशीच वाचायला सुरुवात केली. अर्थ एका शब्दाचा कळत नव्हता. म्हणे म्हातारी पोट धरधरून हसली, डोळ्यांतून पाणी काढलं. "नवरा गेल्यापासून अशी हसले नव्हते गं," म्हणाली. मग तिनं प्रत्येक वाक्य नीट म्हणून दाखवलं, आणि सायमानं तिच्यामागून म्हटलं. ओळीवर बोट आणि कानात म्हातारीचा आवाज. पहिल्या मंगळवारी अर्धं पान झालं.

त्या कादंबरीत पहिल्याच पानावर एक गाय हरवते, आणि मालकीणबाई पुढची दोनशे पानं तिला शोधत हिंडते. मधे तिचं लग्न ठरतं, मोडतं, दीर बुडतो, पण गाय काही सापडत नाही. आमच्या सायमाला दुसऱ्या कुठल्याही गोष्टीत गोडी लागली नसती. पण गाय हरवली म्हटल्यावर तिला राहवेना. मला येऊन सांगायची, "काय बाई ती मालकीण! जंगलात शोधतेय. गाय पाण्याकडं जाते हे तिला माहीत नाही?"

"एवढं कळतं तुला?"

"निम्मं कळतं. निम्मं मी जोडते."

म्हातारीकडे रेडिओही होता. दुपारी त्यावर स्वीडिशमधून कादंबरी वाचायचे, रोज थोडी थोडी. सायमानं काय करावं? इस्त्रीचा दिवस एक होता त्याचे तीन केले. रेडिओवरचा माणूस बोलायचा आणि ही चादरीवर इस्त्री फिरवत त्याच्या मागून पुटपुटायची. नदीवर चादरी खळबळतानाही तोंड चालूच. बायका म्हणायच्या, सायमा भुतांशी बोलायला लागली. एकदा बर्फाच्या भोकापाशी मी तिला गाठलं, तर मोठ्यानं, राजवाड्यातल्या सरदारासारखं म्हणत होती, "महोदय, आपले हे वर्तन मला मुळीच रुचलेले नाही!" आणि तो महोदय म्हणजे दवाखान्यातल्या डॉक्टरची लेंगा-चड्डी.

मी हसले तर खरं, पण माझी झोप उडाली होती. एकदा म्हटलं, "सायमा, ती पत्रं माझ्याकडे दे. पोस्टाच्या पेटीत सुरक्षित राहतील. घराला आग लागली तर?"

"मला लागतात ती," ती म्हणाली. "अभ्यासाला."

"अभ्यासाला?"

"तू वाचलेलं मला तोंडपाठ आहे ना. म्हणून पत्र पुढ्यात घेते, तुझं बोलणं म्हणते आणि कुठला शब्द म्हणजे काय ते शोधते. पण हिल्मा, काही केल्या लागत नाही गं. पुस्तकातलं लागतं, पत्रातलं लागतच नाही. मी मूळचीच ढ."

मी म्हटलं, "पत्रातली भाषा वेगळी असते. अवघड असते." असं म्हणाले मी, तिच्या तोंडावर. ती बिचारी म्हणाली, "असेल," आणि तीच जोडून घेतलेली सायकल ढकलत निघून गेली.

सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत आणखी एक पत्र आलं. मी ते आधीच उघडून वाचून ठेवलं होतं. तेवढी निर्ढावले होते. त्यासोबत एक छापील कागद होता. तो मी काढून तिकिटांच्या खणात तळाशी सारला. सायमा आली तशी वाचून दाखवलं, "राइलीला नवे बूट घेतले. शाळेला जाते. मजेत आहे." पत्र तिच्या हातात दिलं. त्या वेळी ती कागदाकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली.

मेच्या शेवटी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, ती पोस्टात आली. तुरळक लोक होते, ते जाईपर्यंत बाकावर बसून राहिली. मांडीवर कॉफीचा डबा. मग उठली, दार लावून घेतलं आणि डबा काउंटरवर ठेवला.

"ऐक," ती म्हणाली. पहिलं पत्र उघडून धरलं आणि म्हणायला लागली, "राइली मजेत आहे. खीर दोन वाट्या मागून खाते." मी वाचलं होतं ते, तसंच्या तसं. दुसरं पत्र, "राइली सगळ्यांना तुझ्या गाईबद्दल सांगते. आमची गाय अशी, आमची गाय तशी." एकामागून एक सगळी पत्रं तिनं म्हणून दाखवली. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, हिला अजून काही आलेलं नाही.

"हे तू वाचलेलं," ती म्हणाली. "आता यात काय लिहिलंय ते ऐक."

आणि तिनं गाईचं पत्र पुन्हा उचललं.

"हिल्मा, दोनशे पानं मी त्या गाईच्या मागं हिंडले. स्वीडिशमध्ये गाय केवढीशी लिहितात, दोनच अक्षरं. झोपेतसुद्धा ओळखेन मी. या पत्रात गाय कुठं आहे? बोट ठेव."

मी बोट कुठं ठेवणार?

"नाहीच आहे. मी चारदा शोधली. आधी वाटलं, मीच आंधळी. मग म्हटलं, तुझं बोलणं बाजूला ठेवावं आणि पत्र असं वाचावं की जसं कुणी कधी वाचलंच नाही. तर बाई, भराभरा लागत गेलं. पुस्तकापेक्षा सोपं! किती साधं लिहितात त्या. आणि मी सहा महिने स्वतःला ढ म्हणत होते."

मग तिनं वाचलं. स्वीडिशमध्ये. गावातल्या कुणाच्या तोंडून अशी भाषा मी ऐकली नव्हती. एकेबर्गबाईचा तो जुन्या घरंदाज वळणाचा उच्चार, आणि मधेच रेडिओवरच्या माणसासारखा ठसका. मुलगी टेबलाखाली बसते. चावते. एक शब्द म्हणत राहते. तो शब्द आला तेव्हा सायमाचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. आता पाठवू का? आता तरी पाठवू का? आणि मग फेब्रुवारीचं पत्र: आपण दोनदा नको म्हणालात. रागानं लिहीत नाही, पण मुलगी आपल्याला नको आहे असंच आता आम्ही समजतो. तिला कायद्यानं आमची करून घेण्याची परवानगी द्यावी. सोबत कागद पाठवत आहोत. जून संपायच्या आत सही करून पाठवावा. उत्तर न आल्यास आम्ही इथल्या कोर्टाकडं जाऊ.

तिनं पत्राची घडी घातली.

"कागद कुठाय, हिल्मा?"

मी शिक्का उचलून उगीच पुसायला लागले.

"मी एकेबर्गबाईला वाचून दाखवलं. मला चुकीचं कळलं असेल म्हणून. त्या म्हणाल्या, चुकीचं कळलं नाही तुला, आधी ती इस्त्री खाली ठेव. कागद कुठाय?"

मी खण उघडला. तिकिटांच्या खालून तो काढून दिला. तिनं तो वाचला, ओळीवर बोट ठेवून, शेवटपर्यंत. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिचे ते हात चांगले लाकडासारखे होते.

"सायमा, तू तेव्हा आजारी होतीस. अर्वो नुकताच गेला होता. मला तुझी दया आली गं."

"पहिल्या पत्राला आली असेल," ती म्हणाली. "मग?"

"मग भीती वाटली."

"कुणाची?"

"तुझी."

"माझी? मी चादरी धुणारी बाई." आणि मग पहिल्यांदा ती ओरडली, "तीन वर्षं माझं पोर समजतंय की आईला मी नको! सात वर्षांची झाली ती! समजतंय तुला?"

समजत होतं. तेव्हा नव्हे, कधीचं समजत होतं. मी रडायला लागले तशी ती म्हणाली, "रडू नको, माझ्याकडे वेळ नाही. तिकीट दे."

तिनं पत्र लिहून आणलं होतं. स्वतःच्या हातानं, स्वीडिशमध्ये, शाळेतल्या पोरीसारख्या मोठ्या अक्षरात. काउंटरवर ठेवलं आणि मला वाचू दिलं. कादंबरीतूनच शिकलेली बाई, तिनं लिहिलं कादंबरीसारखंच:

'सन्माननीय महोदया, ही लेखणी माझ्या स्वतःच्या हाती आहे. आजपर्यंत मी आपणांस एकही अक्षर लिहिलेले नाही. माझी कन्या मला हवी आहे. ती मला विसरली असेल तर त्यास माझी हरकत नाही. ती जी भाषा बोलते ती मी शिकले आहे. तिने चावे घेतले त्याबद्दल मी क्षमा मागते आणि आपण तिला टेबलाखालून बाहेर काढलेत त्याबद्दल मी आमरण ऋणी राहीन. तिला पाठवावे.'

त्यात दोन चुका होत्या. माझा हात आपोआप टाकाकडं गेला.

"एक अक्षर हलवायचं नाही," सायमा म्हणाली.

मी तिकीट लावलं, शिक्का मारला. तिनं ते पत्र मला पेटीतही टाकू दिलं नाही. गाडी येईपर्यंत हातात धरून बसली आणि गार्डच्या हातात स्वतः दिलं.

उत्तर जूनअखेरच्या जुहानुसच्या सणानंतर आलं. पाकीट जाडजूड. तीन वर्षांत पहिल्यांदा मी स्वीडनचं पत्र न फोडता काउंटरवर ठेवलं. सायमानं तिथंच उभ्यानं फोडून वाचलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आत काय आहे ते विचारायची छाती झाली नाही. ती दोनदा थांबली, एकदा नाक पुसलं. डब्यात घालून निघून गेली. एकेबर्गबाईकडून दोन दिवसांनी मला कळलं की राइली येतेय.

ऑगस्टमध्ये आली. टपालाची थैली त्याच गाडीनं येते, त्यामुळं मला स्टेशनवर जाणं भागच होतं. नाहीतर माझं तोंड घेऊन मी गेले नसते. निम्मं गाव जमलेलं. इर्माचं झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर पुन्हा तेच बघायला मिळेल म्हणूनच कितीतरी जण आले होते.

मुलांना घरोघर पोचवायला नेमलेली एक ताई सोबत आली होती, तिनं राइलीला खाली उतरवलं. निळा कोट, उंच झालेली, केस कापलेले, पायात ते बूट. म्हणजे बूट तरी खरेच होते. पोर डब्याच्या पायरीला पाठ लावून उभी राहिली आणि सगळ्यांकडं अशी बघत होती की आता कुठल्याही क्षणी पळेल. सायमा पुढं झाली. चार पावलांवर थांबली, हात लावला नाही. आणि त्या भरल्या फलाटावर स्वच्छ स्वीडिशमध्ये म्हणाली, "सुस्वागतम्, माझ्या प्रिय कन्ये. आपला प्रवास सुखरूप झाला ना?"

गाव अवाक्. इर्माच्या आईनं तर तोंडावर हातच ठेवला. राइलीचे डोळे एवढे मोठे झाले. मग तिनं विचारलं, "तू पुस्तकातल्या राणीसारखं काय बोलतेस?"

"मी पुस्तकांतूनच शिकले."

"का?"

"आपण येणार होता म्हणून."

ती पायरीपासून एक पाऊल पुढं आली. आणि तिनं विचारलं, अगदी सरळ, पोरं विचारतात तसं, "तू तीच आई ना, जिला मी नको होते?"

तिथल्या सगळ्या माणसांत हे कशाबद्दल ते कळणाऱ्या तिघीच होतो. ती पोर, सायमा, आणि हातात टपालाची थैली घेऊन उभी असलेली मी. सायमानं मान वळवली आणि माझ्याकडं पाहिलं. तिनं एक बोट दाखवलं की झालं असतं. अख्ख्या गावासमोर. मी मनातल्या मनात म्हटलं, दाखव, दाखव एकदाचं.

"ती पत्रे मी लिहिली नव्हती," सायमा म्हणाली. "मला तेव्हा स्वीडिश वाचता येत नव्हते. दुसऱ्या एका बाईने लिहिली."

"कुठल्या बाईने?"

"तिला आपली भाषा येते. फिनिश. आपण ती शिकलात की ती स्वतः सांगेल."

राइलीनं हात पुढं केला, आणि दोघी रस्त्याला लागल्या. सायमा पुढची सगळी वाट बोलत होती. मागून ऐकू येत होतं, ती हरवलेल्या गाईची गोष्ट सांगत होती.

आता तुम्हीच सांगा, मला स्वीडिश येत नव्हतं का? त्याच दिवशी, त्याच फलाटावर मी त्या पोरीला सांगू शकले असते. सायमालाही ते माहीत होतं. पण तिनं मला मुदत घालून दिली होती, आणि ती मुदत त्या पोरीच्या जिभेवर चालत होती. सप्टेंबरात राइली दुकानात 'दूध' म्हणाली. नोव्हेंबरात तिनं मान्सिक्कीला शिवी दिली म्हणून गावभर कौतुक झालं. नाताळात चर्चमध्ये गाणं म्हणाली, आणि सगळे रडले, आणि मी मागच्या बाकावर बसून शब्द मोजत होते. सायमा पोस्टात यायची, तिकिटं घ्यायची, हवापाण्याचं बोलायची. त्या गोष्टीचा चकार शब्द नाही. गावाला आजही माहीत नाही.

मार्चमध्ये एके दिवशी दुपारी पोस्टाचं दार उघडलं. राइली एकटीच होती. बूट झटकले, टोपी काढली, काउंटरशी आली. नाक जेमतेम वर पोहोचत होतं. हातात कॉफीचा डबा. आणि तिनं फिनिशमध्ये, एकही शब्द न अडखळता, विचारलं:

"हिल्मामावशी, आई म्हणते, तुम्हाला मला काहीतरी वाचून दाखवायचंय."

मी शिक्का खाली ठेवला. दार लावून घेतलं. डबा उघडला, सगळ्यात खालचं पत्र काढलं, जुलैचं, आणि जसं लिहिलं होतं तसं पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.